आभाळाची तळी

एर्लांगेनमधली माणसं फिरायला जातात ती पूर्वेला. तिकडे सुळके आहेत, गुहा आहेत, टेकडीवरचे किल्ले आहेत, आणि गावोगावी स्वतःची बिअर गाळणारी जुनी खानावळ आहे. पश्चिमेला कुणी जात नाही. पश्चिमेला हायवे लागतो, मग मक्याची शेतं, मग एका मापाच्या पाइन झाडांची रानं, आणि मधेमधे मासे पाळायची तळी. एक तळं, त्याचा बांध, बांधाला लागून दुसरं तळं, असं मैलोन्मैल. पर्यटनाच्या पुस्तिकेत त्या भागाला अर्धं पानही नाही.

विभावरी तिकडे जायला लागली ती एवढ्याचसाठी, की तिथे ओळखीचं कुणी भेटत नसे. ओळखीचं माणूस भेटलं की दुसरं वाक्य ठरलेलं असायचं. "प्रताप नाही आला?"

पुण्याहून ही दोघं नवरा-बायको इथे जर्मनीत आली तेव्हा त्यांचा मुलगा विहान पाळणाघरात होता. आता तो आखनला इंजिनिअरिंग शिकत होता. विभावरी एका मेडिकल यंत्रांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. तीन वर्षांपूर्वी प्रतापचं प्रोजेक्ट फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला गेलं आणि त्याने तिथे एक खोली घेतली. आधी तो दर शुक्रवारी घरी यायचा. मग एक आड एक. मग रिलीज असायची, रेल्वेचा संप असायचा, थोडी कणकण असायची.

ऑगस्टमध्ये विभावरी स्वतःच एश्बॉर्नला गेली. खोली तिने कल्पना केली होती तशी नव्हती. स्वच्छ होती. बाल्कनीत पुदिन्याची कुंडी, कुंडीशेजारी एक आरामखुर्ची. ओट्यावर लहानसा कुकर, दोन वाट्यांचा. तिने सरळ विचारलं, "कुणी आहे का?"

"नाही गं," प्रताप म्हणाला. "खरंच कुणी नाही. मला एकट्याला बरं वाटतंय इथे. एवढंच आहे."

कुणी असतं तर भांडता तरी आलं असतं. पुदिन्याशी काय भांडणार? ती संध्याकाळच्या गाडीने परत आली. पुढे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. गणपतीत तो दोन दिवस येऊन गेला, सगळ्यांशी हसून बोलला. त्यानंतरच्या शनिवारपासून ती पश्चिमेला चालायला लागली.

डेक्सेनडॉर्फपर्यंत बस होती. तिथून पुढे ती पायवाटांनी जायची. प्रत्येक शनिवारी आदल्या वेळेपेक्षा थोडं पुढे. बांधांवर जुने ओक होते, त्यांची पानं पाण्यात पडून कुजायची आणि तो तुरट वास कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. एका तळ्याकाठी फळा होता. त्यावर लिहिलं होतं, की इथल्या पुष्कळ तळ्यांना ओढा नाही, झरा नाही, पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने भरेल तेवढं पाणी. अशा तळ्यांना इथले लोक आभाळाची तळी म्हणतात. विभावरीला ते नाव आवडलं. कुणाला तरी सांगावं असं वाटलं. तिने विहानला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

कधीकधी ती मोठ्याने बोलायची. "आता डावीकडे वळू या." "हे बघ, बगळा." आपलाच आवाज ऐकून पहिल्यांदा दचकली, मग सवय झाली.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या शनिवारी तिला कालेनबाख नावाच्या गावामागचं रान ओलांडून पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. दुपार कलली होती. आभाळ खाली आलेलं, पण पाऊस नव्हता. रानाच्या अलीकडे एक मोठं तळं लागलं, त्यातलं पाणी सोडून दिलेलं होतं. मासे काढायचा हंगाम तो. पाण्याच्या जागी काळा, चकचकीत चिखल पसरला होता, आणि पाणी सोडायच्या मोरीपाशी तेवढं एक डबकं उरलं होतं.

डबक्याच्या जरा अलीकडे लाल टोपी घातलेलं बुजगावणं उभं होतं. बगळ्यांसाठी असेल, असं विभावरीला वाटलं. मग बुजगावण्याने हात वर केला.

ती बांधावरून धावतच त्या बाजूला गेली. चिखलात एक म्हातारी बाई होती. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घातलेली, आणि मांड्यांच्या वरपर्यंत रुतलेली.

"तिथेच थांबा," बाई ओरडली. आवाज घोगरा झाला होता. "खाली उतरू नका. मी उतरले तेच चुकलं."

"किती वेळ झाला तुम्हाला?"

"जेवण झाल्या झाल्या आले. काल शेजाऱ्यांनी मिळून मासे काढले, ते घरच्या टाकीत आहेत. डबक्यात दोन-चार राहिले होते. बगळ्याने खाण्यापेक्षा आपण काढावेत म्हटलं." तिने दम घेतला. "फोन गाडीत राहिला."

विभावरीने एकशेबारा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पत्ता काय? पत्ता नव्हता. रस्त्याला नाव नव्हतं, घर दिसत नव्हतं. "तळी आहेत," ती म्हणाली, आणि आपण किती निरुपयोगी बोललो हे तिचं तिलाच कळलं. इथे तळ्यांशिवाय होतं काय?

"श्वार्त्सवाइहर तळं म्हणा," चिखलातून आवाज आला. "कालेनबाखच्या मागचं. फॉयरवेअरच्या पोरांना ठाऊक आहे."

फॉयरवेअर म्हणजे गावच्या स्वयंसेवकांचं अग्निशमन दल. फोनवरचा माणूस म्हणाला, निरोप जातोय, पण शनिवार आहे, पोरं जमायला वेळ लागेल. तुम्ही स्वतः चिखलात उतरू नका. त्यांना झोपू देऊ नका, बोलत राहा.

मोरीपर्यंत जायला बांधावरून फळ्या टाकलेल्या होत्या. विभावरीने त्यातल्या दोन सोडवल्या. ओल्या फळ्या जड होत्या, एकीने तिचं बोट चेंगरलं. तिने त्या चिखलावर एकापुढे एक सरकवल्या, सॅक काठावर टाकली आणि पोटावर झोपून पुढे सरकली. उतरू नका म्हणाले होते, सरकू नका म्हणाले नव्हते. फळी खाली दबली, थंड चिखल तिच्या बाहीत शिरला. पण हात पोचला. तिने आपलं जाकीट काढून बाईच्या खांद्यांवर टाकलं आणि तिचा हात धरला. इतका गार हात तिने एकदाच धरला होता, पुण्यात, वडील गेले तेव्हा.

"नाव काय तुमचं?"

"डेंगलर. फ्राऊ डेंगलर." ती जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग अहो-जाहो सोडून एकदम म्हणाली, "आणि तू कुठली गं?"

"भारतातली. पुण्याची. आता एर्लांगेनची."

"इथे कशाला आलीस? इथे कुणी येत नाही."

"म्हणूनच."

बाई हसली, आणि हसताना तिचे दात वाजले. "तुमच्याकडे असतात का कार्प?"

"तसे मासे असतात, नाव वेगळं. मी खात नाही."

"मग खातेस काय?"

विभावरी तिला आमटी सांगायला लागली. डाळ शिजवायची, चिंच, गूळ. गोडा मसाला आला तिथे तिचं जर्मन संपलं. ती थांबली तशी फ्राऊ डेंगलरचे डोळे मिटायला लागले.

"झोपू नका. फ्राऊ डेंगलर, माझ्याकडे बघा."

"तू बोल ना मग. कळलं नाही तरी चालेल. आवाज असू दे."

आणि विभावरी मराठीत बोलायला लागली. आधी आमटीच सांगितली. मग कुकर आला, आणि कुकरवरून तो दोन वाट्यांचा कुकर. तिने सगळं सांगितलं. शुक्रवारी रात्री स्टेशनवर सायकल घेऊन उभी राहायचे मी, गाडी लेट असली तरी. त्याचे शर्ट अजून कपाटात आहेत. तो वाईट नाहीये, हीच तर पंचाईत आहे. रोज फोन करतो, जेवलीस का विचारतो. मी जेवले म्हणते. सासूबाईंचा पुण्याहून फोन येतो, त्यांना सांगते की तो बाथरूममध्ये आहे, तो बाजारात गेलाय. मला वाटतं, मी नक्की काय केलं असतं म्हणजे त्याला इथे बरं वाटलं असतं? फ्राऊ डेंगलर मधूनमधून "या, या" म्हणत होती, हो, हो अशा अर्थाने. रान अंधारत चाललं होतं. डबक्यात एक मासा उलटला, त्याचं पोट पांढरं दिसलं, मग तोही दिसेनासा झाला.

बोलणं संपलं तसं फ्राऊ डेंगलरने जर्मनमध्ये विचारलं, "तुझी घरी कुणी वाट बघत असेल ना?"

"नाही," विभावरी म्हणाली. कुठल्याही भाषेत ती हे पहिल्यांदाच बोलत होती. "आणि तुमची?"

"सोमवारी व्यापाऱ्याचा ट्रक येईल मासे न्यायला. मी दार उघडलं नाही की तो शोधेल." तिने थोडा विचार केला. "तोपर्यंत नाही."

विभावरीने मनातल्या मनात स्वतःचा हिशोब केला. तिचाही सोमवारच निघाला. सकाळची मीटिंग.

रानापलीकडून गाडीचा आवाज आला तेव्हा तिचे दोन्ही हात बधिर झाले होते. पोरं आली म्हणजे चांगली चाळिशीची माणसं होती. त्यांनी चिखलावर शिड्या आडव्या टाकल्या, नळीने पायांभोवती पाणी सोडून चिखल सैल केला, आणि फ्राऊ डेंगलरला काखेत धरून हळूहळू वर ओढलं. एक बूट आतच राहिला. ती त्यांना नावाने हाका मारत होती आणि ओरडतही होती, की माझी विजार फाडू नका. अँब्युलन्सचं दार लागायच्या आधी तिने मान वळवून पाहिलं, पण विभावरी तोवर मागे सरली होती, गर्दीच्या बाहेर.

अग्निशमन दलातल्या एकाने सीटवर प्लास्टिक टाकून तिला घरापर्यंत सोडलं. "छान केलंत," तो म्हणाला.

अंघोळ करून झाल्यावर तिने प्रतापला फोन लावला. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुला काही लागलं नाही ना?"

"बोट चेंगरलंय."

"मी उद्या येतो," तो म्हणाला.

आणि तो आला. दुपारी आल्या आल्या त्याने तिला सोफ्यावर बसवलं, मऊ भात केला, वर तूप-मेतकूट घातलं. तिचं बोट उजेडात धरून पाहिलं. इतकं चांगलं वाटत होतं की तिला भीती वाटली. जेवण झाल्यावर तोच म्हणाला, "चल, मला दाखव कुठे झालं ते."

रविवारी बस नव्हत्या. त्याची सायकल तळघरात होती, चाकांत हवा नव्हती. त्याने ती भरली. डेक्सेनडॉर्फपर्यंत सायकलींवर आणि तिथून पुढे चालत, अशी दोघं निघाली. तिने त्याला तो फळा दाखवला. आभाळाची तळी. "हं, छान आहे," तो म्हणाला. ओक दाखवले. तिसऱ्या बांधावर त्याने फोन काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. तो कंटाळल्याचं लपवत होता, आणि तिला दिसत होतं की तो मनापासून लपवतोय.

"इथे असं काय आहे गं?" शेवटी त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"काही नाही."

तळ्यावर आली तेव्हा चिखलात शिड्यांचे वळ तसेच होते. मधे एक खड्डा, त्यात पाणी साचलेलं. प्रताप बांधावर उभा राहून बराच वेळ त्याकडे पाहत होता.

"तू पण गेली असतीस त्यात," तो म्हणाला. "मग?"

"मग सोमवारी ऑफिसात कळलं असतं."

"मी रोज फोन करतो, विभा."

"मी उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी करतोस."

खरं होतं ते. वाऱ्याने ओकची पानं चिखलावर येऊन पडत होती आणि जिथे पडली तिथेच चिकटत होती. विभावरीला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर आपण हे पुढची दहा वर्षं विचारणार नाही.

"तू परत येणारेस का, प्रताप?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही," तो म्हणाला. "मला नाही वाटत."

"बरं."

"मी सांगायला हवं होतं. तुला माहीत असेल असं धरून चाललो."

"माहीत होतं. पण सांगायला हवं होतंस."

तो रडला. ती नाही रडली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तो शेजारी उभा होता आणि रडत होता. मग उजेड जायच्या आत निघायला हवं म्हणून दोघं परत फिरली. सायकली जिथे लावल्या होत्या तिथे तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तू नको आता काही बनवून सांगूस." एवढं एक त्याने बरं केलं. दिवाळी होऊन गेली होती. विहान डिसेंबरच्या सुट्टीत घरी येईपर्यंत वाट न बघता त्याच आठवड्यात दोघांनी व्हिडिओवर विहानला सांगितलं. विहान जर्मनमध्ये म्हणाला, की हे त्याला कधीचंच माहीत होतं. मग मराठीत म्हणाला, "आई, तू जेवतेस ना नीट?" बापाचाच प्रश्न, बापाच्याच आवाजात.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी विभावरी कालेनबाखला गेली. घर सापडायला अवघड नव्हतं, अंगणात माशांची टाकी होती. ती आता रिकामी होती. फ्राऊ डेंगलरने दार उघडलं. काठी होती हातात. चिखल आणि लाल टोपी नसताना ती लहानशी, नीटनेटकी बाई दिसत होती. क्षणभर तिने ओळखलं नाही.

"अच्छा, तुम्ही," ती म्हणाली. "या ना, आत या. बूट तिथे काढा."

तुम्ही. विभावरीने बूट काढले.

स्वयंपाकघर गरम होतं. कॉफी झाली, सफरचंदाचा केक कापून झाला. फ्राऊ डेंगलरने दवाखान्याचं सांगितलं, ट्रकवाला येऊन गेल्याचं सांगितलं. शेजाऱ्याने टाकी उघडून दिली होती. मुलगा न्यूरेंबर्गला असतो, त्याने तळी कुणाला तरी चालवायला द्यायचं ठरवलंय. तिने विरोध केला नाही. तिच्या गळ्यात दोरीला एक बटण होतं.

"हे त्यानेच आणलं. दाबलं की कुणीतरी येतं म्हणे."

"दाबून पाहिलंत?"

"एकदा. एका बाईचा आवाज आला. काय झालंय, तिने विचारलं. काही नाही झालं म्हटलं. मग तिने फोन ठेवला." फ्राऊ डेंगलरने बटण स्वेटरच्या आत सारलं. "चांगली होती बोलायला."

चिखलात झालेलं बोलणं दोघींच्याही मनात असावं, पण ते या टेबलावर आणायचं कसं हे दोघींना कळत नव्हतं. विभावरीने तळं पुन्हा कधी भरतं ते विचारलं.

"मोरीत फळ्या बसवल्या की. मग पाऊस पडेल तसं. मार्चपर्यंत भरतं, कधी एप्रिल लागतो." मग दाराशी निरोप देताना ती म्हणाली, "तुम्ही इथे फिरत असता ना. दिवा दिसला तर दार वाजवा." आणि लगेच, जणू फार बोलून गेल्यासारखं, "घाई असेल तर नको."

"घाई नसते मला," विभावरी म्हणाली.

बाहेर गारठा वाढला होता. परतीची बस घ्यायची तर डावीकडे वळायचं होतं. ती उजवीकडे वळली, त्या दिवशी राहिलेल्या रानात शिरली. पाइनचं रान होतं. सगळी झाडं एका वयाची, खाली सुयांचा थर, पावलांचाही आवाज होत नव्हता. एका ठिकाणी तिने काहीतरी मोठ्याने बोलायला तोंड उघडलं आणि मग नाही बोलली.

रान संपलं तिथे एक गाव होतं. एक चर्च, एक सिगारेटचं यंत्र, पडदे ओढलेल्या खिडक्या आणि बसचा थांबा. बघण्यासारखं काही नव्हतं. वेळापत्रकाप्रमाणे शनिवारची शेवटची बस दुपारीच गेली होती. विभावरीने नकाशा काढला. पुढच्या गावाहून बहुधा मिळाली असती. तिने टोपी कानांवर ओढली आणि शेतांमधल्या डांबरी वाटेने चालायला लागली. दोन्ही बाजूंना तळी होती, त्यांची नावं तिला माहीत नव्हती.